घरच्या अंड्यांसाठी बदके की कोंबड्या?

मुलांना व बाळंतिणीला घरचे अंडे मिळावे म्हणून चार-पाच पक्षी पाळण्याचा विचार अनेक शेतकरी कुटुंबे करतात. पक्ष्याची निवड मात्र शेजाऱ्याकडे पाहून करू नये. आपल्याकडील पाणी, मोकळ्यावर मिळणारे भक्ष्य व जवळचा बाजार पाहून करावी. निवड चुकल्यास अंड्यांच्या मोलापेक्षा खाद्याचा खर्च अधिक होतो.

उत्पादन : गावठी कोंबडी वर्षास साधारणतः ६० ते ८० अंडी घालते व मधून मधून खुडूक बसते. खाकी कॅम्पबेल जातीचे बदक उत्तम आहारावर २५० पर्यंत अंडी देते. त्याचे अंडे मोठे असते आणि दुसऱ्या वर्षीही उत्पादन चांगले टिकते. परंतु हे बदक सहसा खुडूक बसत नाही. म्हणून त्याची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत, तर बदकाची २८ दिवसांत बाहेर येतात.

खाद्य व पाणी : बदक कोंबडीहून अधिक खाते. कोकणातील भातखाचरात कापणीनंतर सांडलेले दाणे, गोगलगायी व किडे त्यास फुकट मिळतात; कोरडवाहू गावात तेच खाद्य विकत घ्यावे लागते. पोहण्यास तळे नसले तरी चालते, पण डोके बुडेल इतके खोल पाण्याचे भांडे सतत भरलेले हवे. खाद्य ओले करून द्यावे. बुरशी आलेली भुईमुगाची पेंड किंवा मका बदकांना विषासमान आहे. ती कधीही देऊ नये.

निगा : बदके बहुधा पहाटे अंडी घालतात, म्हणून सकाळी नऊपर्यंत त्यांना खुराड्यातच ठेवावे, अन्यथा अंडी पाण्यात किंवा झुडपांत जातात. कोंबड्यांना मानमोडीची व बदकांना बदक-प्लेगची लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. दोन्ही पक्षी एका खुराड्यात ठेवू नयेत. बदकाचे अंडे पूर्ण शिजवूनच खावे.

निर्णय : ग्रामसेवकाने सल्ला देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : वैशाखात या घरी पाणी कोठून येते? जेथे बायकांना हंडाभर पाण्यासाठी दूर जावे लागते, तेथे कोंबड्याच पाळणे हिताचे. जेथे बारमाही पाणी व भातशेती आहे, तेथे प्रथम चार-पाच बदके पाळून अनुभव घ्यावा. अंडी विकावयाची असल्यास त्यांना गिऱ्हाईक आहे की नाही, याची खात्री करूनच संख्या वाढवावी.