कानात गाणे, लक्ष रस्त्यावर

पोलीस भरतीसाठी आपल्या वस्तीतली मुले-मुली पहाटे वसमत रोड, जिंतूर रोडला धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. रोजच्या सरावाचा कंटाळा येतो, तिथे गाणे कामी येते.

त्यासाठी महागडा मोबाइल नको. मेमरी कार्डचा, कपड्याला अडकवायचा छोटा एमपी-थ्री प्लेअर पुरतो. त्यात ना फोन येतो, ना रील दिसते.

भरभर चालताना मिनिटाला साधारण १०० पावले पडतात. सुरुवातीला त्या ठेक्याची भीमगीते लावावीत, पळताना त्याहून जलद, शेवटी पाच मिनिटे संथ. मात्र दोन-तीन दिवसांआड गाण्याविना धावावे. भरतीच्या मैदानात कानात गाणे नसते.

कान जपा, हे आम्ही कळकळीने सांगतो. कानाच्या आतल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगते. प्लेअरवर टक्के दिसत नसतील, तर हातभर अंतरावरच्या माणसाचे बोलणे ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा. नंतर कानात शिट्टीसारखा आवाज उरला, तर गाणे मोठे होते असे समजा. तो थांबलाच नाही, तर सरकारी दवाखान्यात कान दाखवा.

रस्त्याच्या उजव्या कडेने धावा, म्हणजे वाहने समोरून दिसतील. इअरफोन फक्त उजव्या कानात घाला. वाहनांकडचा डावा कान मोकळा राहू द्या. नोकरी मिळवायची आहे, आणि रोज सुखरूप घरीही यायचे आहे.