जेवताना बोलायचं काय?

प्रश्न : आम्ही धुळ्याच्या देवपुरात राहतो. रात्री चौघांनी एकत्र जेवावं म्हणून हौसेनं डायनिंग टेबल घेतलं. पण मुलगा मोबाइलमध्ये, हे टीव्हीकडे बघत, सासूबाई गप्प. "शाळेत काय झालं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही." माझ्या माहेरी तर जेवताना बोलायचंच नाही असा दंडक होता, तरी घर बोलकं होतं. ते कसं?
– एक गृहिणी

उत्तर : दंडक पानापुरता होता. बोलणं व्हायचं ते जेवणाच्या अलीकडे-पलीकडे. कळण्याच्या भाकरी थापताना, बिबड्या घालताना, उन्हाळ्यात अंगणातल्या बाजेवर. हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो. समोर बसवून विचारलं की ती चौकशी होते.

थंडीतली आपली भरीत पार्टीच बघा ना. मळ्यात पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात बामणोदची हिरवट-पांढरी वांगी. कुणी वांगी उलटवतंय, कुणी सालं काढतंय, कुणी मिरच्या-लसूण ठेचतंय, कुणी कांद्याची पात चिरतंय. वांगी भाजेपर्यंत घाई कुणालाच नसते. तेवढ्यात कापसाच्या भावापासून चुलतबहिणीला आलेल्या स्थळापर्यंत सगळं निघतं. एरवी वडिलांशी धड चार वाक्यं न बोलणारा पोरगाही तिथं बोलून जातो, कारण त्याच्या तोंडाकडे कुणी बघत नसतं. सगळ्यांचं लक्ष जाळाकडे.

तेव्हा टेबल असू द्या. मोबाइल बंद, तर टीव्हीही बंद. नियम यजमानांनाही लागू. पण मुलाला जेवणाआधीच ओट्याशी बोलवा. शेवभाजीचा मसाला आजीनं सांगायचा, कांदा-खोबरं त्यानं भाजायचं. आणि सासूबाई अहिराणी बोलत असतील तर त्यांना नातवापुढं पुस्तकी मराठी बोलायला लावू नका. कितीतरी घरांतली म्हातारी माणसं त्यापायीच गप्प झाली आहेत.

शिवाय विचारण्याआधी स्वतःचं सांगा. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या, तिथल्या वसतिगृहात मुलांबरोबर राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. रोज रात्री एक आठवण, अशी त्याची मांडणी आहे आणि सांगणारा श्याम स्वतःच्या चुका झाकत नाही. तुमच्या यजमानांनीही एकदा आपल्या गणिताच्या पेपराची हकिगत सांगून बघावी. मुलगा लगेच स्वतःचे मार्क सांगेल असं नाही. "पप्पा, तुम्हाला किती पडले होते?" एवढंच विचारेल कदाचित. त्यांनी खरा आकडा सांगावा.