तान्ह्या बाळाची गाडीतली सीट : बेल्टने बांधावी की आयसोफिक्सने?

रुग्णालयात नोकरी करताना डिस्चार्जच्या दिवशी आम्ही आईला लसीची तारीख सांगायचो, टाके कसे जपायचे ते सांगायचो. बाळाला घरी कसे नेणार, हे मात्र कधी विचारले नाही. खाली टॅक्सी उभी असे, आजी बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसे आणि आम्ही हात हलवून निरोप देत असू. ती आमची चूक होती.

डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच वाशीत एका अपघातात एअरबॅग उघडली आणि पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा दगावला. तान्ह्या बाळाला तर हा धोका आणखी मोठा.

‘आपल्याकडे गाडी कुठे आहे?’ असे भगिनी विचारतात. पण वस्तीतले कितीतरी भाऊ टॅक्सी चालवतात. बाळंतपणाला, गावाला, सहा डिसेंबरला आपण गाडी ठरवतोच. चौदा वर्षांखालील मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १,००० रुपये दंड आहे. दंडापेक्षा जीव मोठा.

मांडीवर का नको? ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी आदळली, तर बाळ आपल्या वजनाच्या वीस-तीस पट जोराने पुढे फेकले जाते. पाच किलोचे बाळ धरून ठेवायला शंभर किलोहून अधिक जोर लागेल. कोणत्याच आईच्या हातात तेवढी ताकद नसते.

तोंड मागे का? बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असले की समोरून बसणारा झटका पूर्ण पाठीवर पसरतो, मान वाचते. निदान १५ महिन्यांपर्यंत असेच बसवावे. सीटच्या मापात बसत असेल तर त्यापुढेही.

पहिली पद्धत : गाडीच्या बेल्टने. पोटाचा पट्टा सीटवरच्या निळ्या खुणांतून जातो. पाळण्यासारख्या बऱ्याच सीटना खांद्याचा पट्टा पाठीमागून वळवून घ्यावा लागतो. ही पद्धत बहुतेक गाड्यांत चालते, म्हणून टॅक्सीसाठी हीच उपयोगी. तोटा असा की दर वेळी नव्याने बांधावे लागते आणि चूक लवकर होते. पट्ट्याला पीळ पडतो, सीट कव्हरखाली बकल दबलेले असते, कधी पट्टा अपुरा पडतो. अपुरा पडला तर ओढाताण करू नका. दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्या गाडीत बसवा.

दुसरी पद्धत : आयसोफिक्स. बऱ्याच नव्या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात. सीटचा बेस त्यात ‘खट्’ करून अडकतो आणि खूण हिरवी होते. बेसला पाय असेल तर तो गाडीच्या तळाला घट्ट टेकला पाहिजे. यात चुका कमी होतात. पण बेस महाग आणि सगळ्याच गाड्यांत चालत नाही.

नीट बांधली तर दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत. घरची एकच गाडी असेल तर आयसोफिक्स सोयीचे. दर वेळी वेगळी टॅक्सी असेल तर बेल्टची पद्धत शिकून घ्या.

निघण्यापूर्वी तपासा :
१. सीट मागच्या बाकावर आहे ना? चालू एअरबॅगसमोर मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवू नका.
२. पट्टा जातो तिथे धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये.
३. हनुवटी छातीला टेकत नाही ना? टेकली तर श्वास कोंडतो. सीट थोडी आडवी करा.
४. बाळाचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत. चिमटीत पट्टा येत असेल तर तो सैल आहे.
५. जाड दुपटे पट्ट्यांच्या आत नको, वरून पांघरा.

रिक्षात बेल्ट नसतो, तिथे सीट बांधता येत नाही. पहिल्या दिवशी तरी टॅक्सी करा.

तान्ह्या बाळाची सीट वर्ष-दीड वर्षात लहान पडते. चार घरांनी वर्गणी काढून एक घ्यावी आणि आळीपाळीने वापरावी. अपघातात सापडलेली किंवा कुठून आली ते माहीत नसलेली सीट मात्र घेऊ नये. वस्तीतल्या एखाद्या टॅक्सीवाल्या भावाला बोलवा आणि बाळ येण्याआधीच सीट दोन-तीनदा बांधून पाहा. डिस्चार्जच्या गडबडीत शिकायला वेळ मिळत नाही.