हरवलेला परवलीचा शब्द

हजेरी, परीक्षेचे गुण व फीचा हिशेब हीं सर्व आतां पुष्कळ शाळांतून संगणकावर ठेवलेलीं असतात. अशा नोंदींच्या भांडारास डेटाबेस म्हणतात. तें सांभाळणारी मायएसक्यूएल ही प्रणाली १९९५ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. लिनक्स सर्व्हरवर ती फार प्रचारांत आहे. तिच्या मुख्य कारभाऱ्यास रूट म्हणतात. त्याचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, विसरला गेल्यास काय करावें, हें आपण पाहूं.

गेलेला पासवर्ड शोधून सांपडत नाहीं. कारण तो तेथें मुळीं लिहिलेलाच नसतो. त्यावर गणिती क्रिया करून जी खूण निघते, तेवढीच ठेवलेली असते. पिठाचे पुन्हां जोंधळे होत नाहींत, तशीच ही गोष्ट. म्हणून जुना शब्द शोधीत न बसतां नवा द्यावा. घाबरून सर्व पुसून टाकण्याचें कारण नाहीं. नोंदी जशाच्या तशा राहतात.

लिनक्सच्या मुख्य कारभाऱ्यासही रूटच म्हणतात. परंतु हे दोघे निराळे. सर्व यंत्रावर लिनक्सच्या रूटाची सत्ता चालते. उबुंटूसारख्या लिनक्सवर त्यास पुष्कळदां पासवर्डावांचूनच डेटाबेसमध्यें जातां येतें. तो मार्ग आधीं पाहावा. तो बंद असल्यास डेटाबेसची सेवा थांबवून 'स्किप-ग्रँट-टेबल्स' ह्या सूचनेसह ती पुन्हां सुरू करावी. मग अधिकारांची वही उघडलीच जात नाहीं, व जो येईल त्यास पूर्ण अधिकार मिळतो! सबब 'स्किप-नेटवर्किंग' ही सूचनाही जोडावी, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून कोणास येतां येणार नाहीं. आंत गेल्यावर 'फ्लश प्रिव्हिलेजेस' ह्या आज्ञेनें ती वही उघडवावी. एरव्हीं पुढील आज्ञा मानली जात नाहीं. नंतर 'ऑल्टर यूजर' ह्या आज्ञेनें नवा पासवर्ड द्यावा. शेवटीं सेवा थांबवून, त्या दोन्ही सूचना काढून, ती नेहमीप्रमाणें सुरू करावी.

ही शेवटची पायरी विसरणें सर्वांत घातक. त्या सूचना तशाच राहिल्या, तर सेवा पुन्हां सुरू होतांच त्या यंत्रावर काम करणारा कोणीही मुलांचे गुण वाचूं शकेल, बदलूंही शकेल. ह्यावरून दिसेल कीं, ज्याच्या हातीं यंत्र, त्याच्या हातीं भांडार. केवळ पासवर्ड कठीण असून भागत नाहीं, यंत्राची खोली व लिनक्सच्या रूटाचा पासवर्डही जपावा लागतो. नोंदी ही दुसऱ्यांची ठेव आहे. म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, धन्याच्या अनुमतीवांचून हा प्रयोग परक्या यंत्रावर कोणीं करूं नये.