चित्राला बळ कोण देते?

लग्नाच्या मांडवात कर्णा लावतात. गाणारी बाई तीच, पण तिचा आवाज पार शिवेपर्यंत जातो. मधे अँप्लिफायर असतो. तो विजेचे बळ घेऊन आवाज वाढवतो.

टेलिव्हिजनचे चित्रही असेच दूर जाते. मुंबईला दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे २०१६ साली मुंबई, औरंगाबाद धरून १६ शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल चित्र पाठवू लागले. डिजिटल म्हणजे चित्राचे आकडे करायचे आणि ते लाटांवर बसवून धाडायचे.

केंद्रात तयार होणारी लाट अगदी दुबळी असते. तिचे सारखे भाग करून एकेका मॉड्यूलला देतात. मॉड्यूल म्हणजे कपाटातला एक खणच समजा. त्यात काडेपेटीहून लहान असे ट्रान्झिस्टर असतात. ते लाटेला शेकडो वॅटचे बळ देतात. मग सगळे भाग पुन्हा एकत्र करून मनोऱ्यावर चढवतात.

एकत्र करणे मात्र सोपे नाही बरं का! चिखलात रुतलेली गाडी दहा जण काढतात, तेव्हा सगळ्यांचा जोर एका दमात लागावा लागतो. इथे लाट सेकंदाला सुमारे ५० कोटी वेळा चढते-उतरते. एका खणाची तार वीतभर लांब झाली, तरी त्याचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो. मग दोघांचा जोर फुकट!

डिजिटल लाटेची आणखी एक खोड आहे. ती मधूनच मोठी उसळी मारते. म्हणून मॉड्यूल पुऱ्या ताकदीने चालवत नाहीत, बळ राखून ठेवतात. नाहीतर उसळीचा शेंडा कापला जातो आणि आकडे चुकतात.

आता समजा, दहांतले एक मॉड्यूल बंद पडले. किती बळ उरेल? तुम्ही म्हणाल, १०० पैकी ९०. आम्ही जन्मभर गणित शिकवले, पण आम्हीही आधी तेच म्हटले होते. खरे उत्तर ८१. जोडणीचे यंत्र दहा भागांसाठी बांधलेले असते. एक भाग आला नाही की उरलेल्यांतले आणखी ९ उष्णता होऊन वाया जातात.

जवळच्या गावाला हे कळतही नाही. अडचण होते ती शेवटच्या टोकाच्या गावाची. जुन्या पद्धतीत बळ कमी झाले तर पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी बातमी समजायची. डिजिटलमध्ये आकडे पुरेसे पोचले तर चित्र स्वच्छ, नाहीतर आधी चौकोन आणि मग काळा पडदा. पुराचा इशारा त्याच वेळी असला तर?

मॉड्यूल बिघडते ते बहुधा उष्णतेने. घेतलेल्या विजेपैकी निम्मी, कित्येकदा जास्तच, उष्णता होते. म्हणून पंखे किंवा पाण्याच्या नळ्या लावतात. पंख्याच्या जाळीत धूळ साचली की खण तापलाच.

पुष्कळ यंत्रांत बिघडलेला खण, बाकीचे नऊ चालू असतानाच, बाहेर ओढता येतो. कारागीर तिथे दुसरा बसवतो. ८१ चे पुन्हा १०० होतात, आणि टोकाच्या गावात चित्र परत येते.