नास्तिकाचा प्रश्न आणि विश्वासणाऱ्याचें उत्तर

शास्त्रपाठ : १ पेत्र ३ : १५; लूक १३ : १–५; योहान २० : २४–२९.

एका खेड्यांतील मंडळींत वाढलेला एक तरुण शहरांतून शिकून परत आला. रविवारीं उपासनेनंतर त्यानें उपदेशकांस सर्वांदेखत विचारलें, "गुरुजी, देव आहे हें कशावरून?" उपदेशकांस राग आला. चौदाव्या स्तोत्राच्या आरंभाचा आधार घेऊन त्यांनीं त्यास मूर्ख ठरविलें व ते घरीं गेले. त्या दिवसापासून तो तरुण उपासनेस आला नाहीं. त्याची आई मात्र दर रविवारीं दाराकडे पाहत बसते.

उपदेशकांचें काय चुकलें? तें स्तोत्र पुढें वाचावें, म्हणजे कळेल कीं, तेथील मूर्ख हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी नव्हे, तर देवाचा धाक सोडून दुर्बळांस गिळणारा दुष्ट होय. असा मनुष्य तोंडानें प्रार्थनाही म्हणत असेल. उलट, गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचें उदाहरण पाहा. ईश्वराविषयीं निश्चित ज्ञान होऊं शकत नाहीं, असें त्यांचें मत होतें. तरी त्यांनीं धनाचा लोभ सोडून शिक्षणास जन्म वाहिला, आणि १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढून विधवांची व स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. विरोधकांनीं ते जिवंत असतां त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते डगमगले नाहींत. अशा मनुष्यास दुर्जन म्हणणें ही खोटी साक्ष होय. पेत्र आपणांस आशेचें कारण सांगावयास सिद्ध राहा म्हणतो, पण तें सौम्यतेनें व आदरानें सांगावयास लावतो. म्हणून आज तीन आक्षेप घेऊन त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप कारणाचा. ६ मार्च १९२७ रोजीं इंग्रज तत्त्ववेत्ते बर्ट्रंड रसेल यांनीं लंडनमधील बॅटर्सी येथें 'मी ख्रिस्ती कां नाहीं' या विषयावर व्याख्यान दिलें. त्यांत त्यांनीं विचारलें कीं, प्रत्येक गोष्टीस कारण असलेंच पाहिजे, तर देवासही कां नको? "प्रत्येक गोष्टीस कारण आहे" असें आपण म्हणत असूं, तर आपण निरुत्तर झालों हें कबूल करावें. परंतु विश्वासणाऱ्याचें खरें म्हणणें निराळें आहे. शिंकें दोरीस टांगलेलें असतें, दोरी कडीस, आणि कडी तुळईस. टांगलेल्या वस्तूंची रांग कितीही वाढविली, तरी कोठें तरी न टांगलेलें असें कांहीं हवें. जें दुसऱ्यावर अवलंबून आहे त्यास आधार हवा. जो कोणावरही अवलंबून नाहीं त्यासच आपण देव म्हणतों. यावर नास्तिक म्हणेल, "हें विश्वच तसें स्वयंभू कां नसावें?" त्याचा हा प्रश्न रास्त आहे. येथें कोणास बळानें नमविणारा पुरावा आपणांपाशीं नाहीं. श्रद्धा अविचाराची नाहीं, एवढेंच यावरून दिसतें.

दुसरा आक्षेप भयाचा. धर्म मुख्यतः भीतींतून उपजला, असेंही रसेल म्हणाले. अंधारांत मूल भिऊन आईस हांक मारतें. तें भ्यालें म्हणून आई नाहीं, असें ठरत नाहीं; तसेंच तें भ्यालें म्हणून आई घरांत आहे, असेंही ठरत नाहीं. भीति कोठून आली यावरून सत्याचा निवाडा होत नाहीं. पण, उपदेशक बंधूंनो, आपणांस येथें एक बोचरी गोष्ट मान्य केली पाहिजे. रोगाची व नरकाची दहशत घालून आपण माणसें गोळा करीत असूं, तर आपल्यापुरता तो आक्षेप खरा आहे. पूर्ण प्रीति भीतीस बाहेर घालविते, असें योहान शिकवितो. मग भीतीवर मंडळी उभारण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

तिसरा आक्षेप दुःखाचा, आणि तो सर्वांत जड आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या आसपास भूकंप झाला. झोंपेंत असलेलीं हजारों माणसें मेलीं. त्यांत तान्हीं मुलेंही होतीं. "तुमचा दयाळू देव त्या वेळीं कोठें होता?" असें कोणी विचारलें, तर "त्यांच्या पापांचें फळ" असें उत्तर कदापि देऊं नये. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हां ते इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न निघाला. प्रभूनें तें स्पष्ट नाकारलें. मग ती माणसें कशानें मेलीं? भूमि हलली हें खरें. परंतु मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचें जड माळवद अंगावर कोसळल्यानें बहुतेकांचा अंत झाला. घर कसें बांधावें हें मनुष्यास कळूं शकतें. म्हणून "देवाची इच्छा" म्हणून हात जोडून बसणें ही भक्ति नव्हे.

तथापि एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. भूमि मुळांत हलावी कां, याचें पुरें उत्तर ईयोबास मिळालें नाहीं, आणि आपणांसही मिळालेलें नाहीं. आपली साक्ष इतकीच आहे कीं, ज्या देवावर आपण भरंवसा ठेवितों तो दुःखापासून दूर राहिला नाहीं. ख्रिस्तानें वधस्तंभावर स्वतः "कां" असा आक्रोश केला. ज्या प्रश्नास प्रभूच्या मुखीं स्थान मिळालें, तो दुसऱ्याच्या मुखीं पाप कसा ठरेल?

आतां त्या उपदेशकांकडे वळूं. कांहीं महिन्यांनीं ते त्या तरुणाच्या घरीं गेले. ओसरीवर बसून त्यांनीं विचारलें, "बाबा, तुझ्या मनांत हा प्रश्न केव्हां आला?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "धाकट्यास साप चावला त्या रात्रीं. तुम्ही सर्व प्रार्थना करीत होतां." उपदेशकांची मान खालीं गेली. ते म्हणाले, "होय. मीं प्रार्थना केली, पण आधीं गाडी आणा, दवाखान्यांत न्या, असें म्हटलें नाहीं. सापाच्या विषावर लस आहे हें मला ठाऊक होतें. मेल्यावर मीं 'देवाची इच्छा' म्हटलें. तो दोष देवाचा नव्हता, माझा होता. मला क्षमा कर." तरुणानें कांहीं उत्तर दिलें नाहीं, पण आंत जाऊन त्यानें पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढें ठेविला.

तो अद्यापि उपासनेस येत नाहीं. मात्र आतां त्या गांवांत कोणास साप चावला तर उपदेशक व तो दोघे मिळून गाडीची धांवाधांव करितात, आणि उपदेशक वाटेंत प्रार्थना करितात. प्रत्येक नास्तिकाच्या प्रश्नामागें अशी जखम असतेच असें नाहीं. कित्येकांचा प्रश्न निव्वळ बुद्धीचा असतो, व त्यास बुद्धीनेंच उत्तर द्यावें. पण जखम आहे कीं नाहीं, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. थोमानें पुरावा मागितला, तेव्हां प्रभूनें त्यास हांकलून दिलें नाहीं. आपल्या जखमा दाखविल्या.

मंडळींत विचार करण्याजोगे प्रश्न :

१. आपल्या गांवांत कोणाच्या प्रश्नास आपण रागानें उत्तर दिलें आहे काय? त्याच्या घरीं कोण जाईल?

२. "देवाची इच्छा" हे शब्द आपण आपली चूक झांकण्यासाठीं केव्हां वापरले?

३. प्रार्थना व औषधोपचार यांपैकीं एकच निवडावें, असें शिकविणाऱ्यास आपण काय सांगूं?