शाळेच्या वाटेचे मोजमाप
(इयत्ता सहावी ते आठवी : परिसर अभ्यास व गणित यांचा समवाय पाठ)

उद्देश : एकच रस्ता पायी चालणाऱ्यास, सायकलस्वारास व वाहनास सारखाच उपयोगी पडतो असे नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष मोजून पाहावी, अंतर, वेळ, वेग व सरासरी या गणितातील कल्पनांचा उपयोग आपल्या गावाच्या प्रश्नास लावण्यास शिकावे.

साहित्य : ३० मीटरची फीत, सेकंदकाटा असलेले घड्याळ, वही, पेन्सिल, गावाचा हाताने काढलेला नकाशा.

१. विषयविवेचन

‘दळणवळणाची साधने’ हे प्रकरण शिकविताना आपण बहुधा वाहनांची नावे पाठ करून घेतो. रस्ता कोणाच्या किती उपयोगी पडतो, हा प्रश्न मात्र तसाच राहून जातो. नवे डांबर पडले म्हणजे मोटारीतून जाणारा गृहस्थ रस्त्याची स्तुती करतो. डांबराच्या कडेपासून साइडपट्टी वीतभर खाली राहिली असेल, तर सायकलस्वारास तोच रस्ता धोक्याचा वाटतो. आणि वाहनांचा वेग वाढल्यामुळे पलीकडच्या वस्तीतील मुलीस शाळेत येण्यासाठी कोणाचा तरी हात धरावा लागतो. तिघांचेही म्हणणे खरे असते. म्हणून मोजमाप तिघांच्याही बाजूने करावयास हवे.

रस्ते मोजण्याची शास्त्रीय रीत प्रथम वाहनांसाठी घडली. अमेरिकेतील ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’ या ग्रंथाच्या १९६५ च्या आवृत्तीत रस्त्याच्या सेवेस ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंत श्रेणी देण्याची पद्धत आली. वाहने विनाअडथळा धावतात तो रस्ता ‘ए’, जेथे ती तुंबून राहतात तो ‘एफ’. शहरी रस्त्यावरील पादचारी, सायकलस्वार, सार्वजनिक वाहने व मोटारी यांच्या सेवेचा एकत्र विचार करण्याची रीत त्याच ग्रंथात २०१० च्या आवृत्तीत आली. मोजदादीत न आलेल्यांची गैरसोय कागदावर दिसतच नाही.

आपल्याकडील एक उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. निरनिराळी वाहने एकाच मापात मोजता यावीत म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली ग्रामीण रस्त्यांसाठी जे कोष्टक दिले, त्यात मोटार १ एकक, सायकल ०.५, बस किंवा मालट्रक ३ आणि मोठी बैलगाडी ८ एकके धरली आहे. बैलगाडी मोटारीच्या आठपट मोठी असते असा याचा अर्थ नव्हे. तिच्या मंद गतीमुळे वाहतुकीस जी अटक होते, तिचे ते माप आहे. हे माप वाहनांचे आहे, माणसांचे नव्हे. ५० प्रवाशांची बस ३ एकके. प्रत्येकी दोन माणसे बसलेल्या तीन मोटारीही ३ एकके. एकके समान, परंतु माणसे एकीकडे ५० आणि दुसरीकडे ६! भारत सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्यास प्राधान्य द्यावे असे म्हटले, ते याच कारणाने.

२. अंतर आणि शिक्षण

महाराष्ट्राच्या २०११ च्या शिक्षणहक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी. लहान मूल सेकंदास सुमारे १ मीटर चालते असे धरले, तर १ किलोमीटरला सुमारे १७ मिनिटे आणि ३ किलोमीटरला ५० मिनिटे लागतील. ताशी १२ किलोमीटर वेगाच्या सायकलीवर तेच ३ किलोमीटर १५ मिनिटांत संपतात.

या फरकाचे मोल बिहारमध्ये दिसून आले. त्या राज्याने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मुलींचा माध्यमिक शाळांतील प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला, आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. माध्यमिक शाळा ३ किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा लाभ विशेष दिसला. पाचवीनंतर किंवा आठवीनंतर एखादी मुलगी शाळेतून नाहीशी होते, तेव्हा कारणांच्या यादीत वाटेचाही विचार करावा, हा यातील बोध होय.

३. रस्ता ओलांडण्याचे गणित

दोन पदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारणपणे ७ मीटर असते. मुलास तो ओलांडण्यास ७ सेकंद लागतील. दोन्ही बाजूंना पाहून पाऊल उचलण्यासाठी आणखी २ सेकंद धरावेत; एकूण ९ सेकंद. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एवढ्या वेळात १५० मीटर येते. ताशी ३० किलोमीटर वेगाचे ७५ मीटर. म्हणजे वाहने ६० च्या वेगाने धावत असतील, तर मुलास दोन्ही बाजूंचा १५० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. वळण, चढ, बाभळीचे झुडूप किंवा उभा केलेला ट्रक आड येऊन ८० मीटरच दिसत असतील, तर मूल कितीही सावध असले तरी ती जागा सुरक्षित नाही. ‘नीट पाहून जा’ हा उपदेश तेथे पुरा पडत नाही; तेथे झुडूप तोडावे लागेल, गतिरोधक घालावा लागेल किंवा ओलांडण्याची जागाच बदलावी लागेल.

४. प्रत्यक्ष काम

वर्गाचे तीन गट करावेत. प्रत्येक प्रश्नास ‘चांगले’ असल्यास २, ‘बरे’ असल्यास १ व ‘वाईट’ असल्यास ० गुण द्यावेत.

पायी चालणाऱ्यांचा गट : (अ) डांबराबाहेर चालण्यास मोकळी जागा आहे काय? (आ) ओलांडण्याच्या जागी पुरेसे अंतर दिसते काय? (इ) शाळा भरण्यापूर्वीच्या १० मिनिटांत ९ सेकंदांहून मोठी मोकळीक किती वेळा मिळते? (ई) नकाशावरील सरळ अंतर व प्रत्यक्ष वाट यांत किती फरक आहे? समोर ४०० मीटरवर दिसणाऱ्या शाळेस कालव्यामुळे १,२०० मीटरचा वळसा पडत असेल, तर वाट तिप्पट झाली.

सायकलस्वारांचा गट : (अ) साइडपट्टी डांबराशी समतल आहे काय? (आ) किती ठिकाणी उतरून सायकल ढकलावी लागते? (इ) मोठी वाहने किती जवळून जातात? (ई) शाळेत सायकली ठेवण्यास जागा आहे काय?

वाहनांचा गट : (अ) खड्डे किती आहेत? (आ) बस वेळेवर येते काय? (इ) रुग्णवाहिका वस्तीच्या आतपर्यंत पोहोचते काय? (ई) ओढ्यास पाणी आले म्हणजे फरशी पूल किती दिवस बंद राहतो?

५. निष्कर्ष काढताना

प्रत्येक गटाचे कमाल गुण ८. समजा, एका रस्त्यास वाहनांकडून ८, सायकलींकडून ५ व पायी चालणाऱ्यांकडून २ गुण मिळाले. सरासरी ५ येते, आणि रस्ता ‘बरा’ ठरतो. परंतु ज्या मुलांच्या वाट्यास २ गुणांचा रस्ता आला, त्यांची अडचण या सरासरीत बुडून गेली. यास्तव तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. त्यांची सरासरी काढू नये, आणि तसे का करू नये हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे.

शिक्षकांस सूचना

डांबरावरील कोणतेही माप विद्यार्थ्यांनी घेऊ नये. ते शिक्षकांनी वाहतूक नसताना, दुसऱ्या प्रौढ व्यक्तीस पहाऱ्यास ठेवून घ्यावे. वेळेची नोंद शाळेच्या आवारातून करावी. काम पूर्ण झाल्यावर नकाशा व तीन आकडे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावेत, आणि सर्वांत कमी गुणांच्या एकाच जागेविषयी ग्रामपंचायतीस लेखी विनंती करावी. दहा मागण्यांपेक्षा मोजून दाखविलेली एक मागणी अधिक बळकट ठरते. दुरुस्ती झाल्यावर त्याच जागी पुन्हा मोजमाप करावे.

स्वाध्याय

१. रस्त्याची रुंदी १० मीटर आहे. वाहनाचा वेग ताशी ५४ किलोमीटर आहे. मुलास दोन्ही बाजूंना किती अंतर दिसले पाहिजे? (उत्तर : १८० मीटर)
२. ४८ प्रवाशांची एक बस व प्रत्येकी दोन माणसे असलेल्या चार मोटारी यांची एकके व माणसे मोजा. दर एककामागे माणसे कोठे अधिक?
३. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा व आजीस किंवा लहान भावंडास जेथे थांबावे लागते, त्या जागा त्यावर दाखवा.